पर्यायी व्यवस्था

४ जून

चि. छकुली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. त्यात मला 'तीर्थरूप' लिहिले आहेस. तीर्थरूप आईवडिलांना लिहितात. मामा हा तीर्थस्वरूप. हे मी तुला तुझ्या वयाइतक्या वेळा तरी सांगितले असेल. फोन करीन म्हणतेस, तर करू नकोस. माझ्या कानांनी राजीनामा दिला आहे. फोनवर मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो, आणि तो मला पाठ आहे.

बातमी अशी, की नगर परिषदेने मला पुन्हा कामाला जुंपले. महामारीत बंद पडलेल्या सोयी परत सुरू झाल्या की नाहीत, हे पाहण्यासाठी सात जणांची देखरेख समिती नेमली आहे. तीत एक जागा निवृत्त कर्मचाऱ्याची. अभिलेख कक्षात अडतीस वर्षे काढून अजून चालता-बोलता राहिलेला दुसरा कोणी सापडला नसावा.

पहिली बैठक काल झाली. विषय नऊ होते आणि 'मुलांचे हक्क' हा नववा. तो निघाला तेव्हाच चहा आला. अध्यक्षांनी कप हातात धरूनच वाचून दाखवले, की सर्व शाळा सुरू आहेत, सबब मुलांच्या हक्कांबाबत कोणतीही तक्रार नाही. मी विचारले, की पाळणाघराचे काय. त्यावर समितीतला परिषदेचा अभियंता म्हणाला, की पाळणाघर यादीतच नाही, आणि जे यादीत नाही ते बंद आहे असे म्हणता येत नाही. इतक्या शांतपणे बोलला, की क्षणभर मलाही ते पटले.

तू जिथे चौदा वर्षे मुले सांभाळलीस, त्या खोलीला अजून तेच कुलूप आहे. येताना हात लावून पाहिला. बोटांना गंज लागला.

कळावे. म्हाताऱ्यावर लोभ राहू दे.

तुझा मामा

*

१० जून

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

या वेळी बरोबर लिहिलं आहे, पेन्सिलीने खूण करू नये. चोपन्न वर्षांच्या बाईला छकुली म्हणणारे तुम्ही एकटेच उरलात, म्हणून तेवढं चालवून घेते.

इथे मुलाच्या घरी बरं चाललं आहे. रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत काम मिळालं. दिवसभर चादरींच्या घड्या घालते. चादरी रडत नाहीत, हे एक सुख. दुसरं कुठलं ते अजून सापडलेलं नाही.

मामा, तुम्हाला बटण आठवते का? पाळणाघरात दीड वर्षाची आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या ॲप्रनचं बटण गिळून बसली. ते बाहेर येईपर्यंत दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून तिचं नाव बटण. आता ती बारा वर्षांची आहे. तिचे वडील दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा आईच्या पोटात जुळी होती. आई जानेवारीपासून पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात परत जाऊ लागली. सकाळी सातला जाते ती पाचला येते. पाळणाघर बंद, मग जुळी कोणी बघायची? बटण बघते. जानेवारीपासून ती शाळेत गेलेली नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी आईला निरोप पाठवला आहे, की जूनअखेर मुलगी वर्गात दिसली नाही तर पटावरून नाव कमी करावं लागेल.

तुम्ही समितीत आहात, तर ते दार उघडा. जुळी तिथे गेली, की बटण शाळेत जाईल. सरळ हिशेब आहे. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागते.

घरच्यांचे नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.

आपली,
छकुली

*

१९ जून

चि. छकुली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

बटणाला भेटून आलो. मागच्या बाजूच्या लोखंडी जिन्याने दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली. दार तिनेच उघडले. एक बाळ कडेवर होते, दुसऱ्याच्या कमरेला ओढणी बांधून ती टेबलाच्या पायाला अडकवलेली होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तिने आपण होऊन सांगितले, की भात होईपर्यंतच बांधते, स्टोव्हकडे येतो म्हणून. मी तुझा मामा म्हटल्यावर तिने स्टूल पुसून दिले. शाळेचे विचारले, तर म्हणाली, की वर्ग अपूर्णांकांच्या भागाकारापर्यंत आला होता, पुढे काय झाले ते तिला कळले नाही. एखादी गोष्ट अर्धवट राहावी तसे तिने ते सांगितले. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचे असते, हे खरे का, असेही विचारले. मी खरे म्हणालो. तिने मान हलवली आणि भात उतरवला.

आता नीट वाच. काल परिषदेकडून फिरता ठराव आला. बैठक न बोलावता कागद सदस्यांच्या घरी पाठवतात, त्याला फिरता ठराव म्हणतात. पाळणाघराची आवश्यकता उरलेली नाही, सबब ती खोली आरोग्य विभागाच्या शीतपेट्या ठेवण्यास द्यावी, असा तो आहे. हरकत २४ तारखेस सायंकाळी पाचपर्यंत लेखी पोहोचली पाहिजे. जो गप्प राहील त्याची संमती धरली जाईल. परंतु एका सदस्याने जरी हरकत घेतली, तरी ठराव थांबतो आणि विषय खुल्या बैठकीत आणावा लागतो. तिथे लोकांना बोलता येते, आयांना येता येते. म्हणजे कुलपाची किल्ली सध्या माझ्या खिशात आहे.

ही हरकत मी अशी लिहिणार आहे, की तिच्यात बोट शिरवायला जागा राहणार नाही. एकट्या बटणाचे लिहिले तर अपवाद म्हणतील. तिच्या आसपासच्या तीन गल्ल्यांत भावंडांपायी घरी बसलेल्या आणखी मुली आहेत असे कळते. घरोघर जाऊन प्रत्येकीची इयत्ता, वय आणि शाळा सुटल्याची तारीख टिपून घेतो. पाच दिवस पुरेसे आहेत.

लोभ असावा, आणि थोडा विश्वासही.

तुझा मामा

*

२१ जून

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता मिळालं आणि ड्यूटीवरच उत्तर लिहिते आहे. मामा, घरोघर नंतर जा. आज एका कोऱ्या कागदावर 'माझी हरकत आहे' एवढंच लिहा, खाली सही करा आणि देऊन या. एका हरकतीने ठराव थांबतो, हे तुम्हीच लिहिलं आहे. मग पानंच्या पानं कशाला? कारणं बैठकीत सांगता येतील.

तुम्हाला राग येईल, पण मी तुमची भाची आहे, मला तुम्ही माहीत आहात. माझ्या जन्माचं अभिनंदन करणारं तुमचं पत्र आईला मिळालं, तेव्हा मी रांगत होते. मजकूर फार सुंदर होता, असं आई सांगायची. इथे सुंदर नको आहे.

बटणाच्या आईशी काल बोलले. आमच्या मामांनी हातात घेतलं आहे, असं मी तिला सांगून बसले आहे.

लोभ असू द्यावा, आणि हे पत्र मिळताच चपला घालाव्यात.

आपली,
छकुली

*

२६ जून

चि. छकुली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र २३ तारखेस मिळाले. तू लिहिलेस तसा राग आला. अडतीस वर्षे ज्याने परिषदेचे कागद सांभाळले, त्याला कोऱ्या कागदावर एक ओळ खरडायला सांगतेस, असे वाटले. पत्र घडी करून ठेवले आणि हरकतीचे सातवे पान लिहायला घेतले.

पुढचे जसे घडले तसे लिहितो. २४ तारखेस दुपारी तीन वाजता मी परिषदेच्या दारात होतो. नऊ पाने, चौदा मुली. पायरीवर उभा राहून शेवटची नजर फिरवली, तर एकाच मुलीचे वय तिसऱ्या पानावर दहा आणि आठव्यावर अकरा. हे एवढे सापडले असते तर अभियंत्याने सगळाच कागद खोटा ठरवला असता, असे मनात आले. तिचे घर फार लांब नव्हते. गेलो. घराला बाहेरून कडी. मुलगी भावाला घेऊन नळावर गेली होती, आणि तिला स्वतःचे वय नक्की माहीत नव्हते. आई कामावरून आली तेव्हा साडेपाच झाले होते. वय अकरा.

काल सकाळी कचेरी उघडताच हरकत दिली. कारकून सभ्य आहे. त्याने आदराने कागद घेतला, पोच दिली आणि मग ठराव दाखवला. सर्वानुमते मंजूर. सात नावे होती. माझ्या नावापुढे लिहिले होते, 'संमती (मौन)'. मी त्याला म्हणालो, की कागद घेऊन मी मुदतीच्या आत याच दारात उभा होतो. तो म्हणाला, की आजोबा, आत आला असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी बटणाच्या आईकडे जाऊन झाले ते सांगितले. जुळ्यांना दिवसा माझ्या खोलीवर सोडा, मी बघतो, असेही म्हणालो. ती काही कठोर बोलली नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, पोरं पलीकडच्या खोलीत रडली तर कसं कळणार, एवढेच तिने विचारले. ते तिला तीनदा विचारावे लागले, तेव्हा मला कळले.

तू सांगितले होतेस. लोभ असावा असे आज लिहवत नाही; तो ठेवणे न ठेवणे तुझ्याकडे.

मामा

*

४ ऑगस्ट

चि. छकुली हिस,
अ. उ. आ. वि. वि.

महिना उलटून गेला, तुझे पत्र नाही. यायला हवे होते असे मी म्हणत नाही. तरी पुढचे तुला कळवणे मला भाग आहे.

१ जुलैला बटणाचे नाव पटावरून गेले. त्यानंतर शेजारच्या दोन बायकांनी असा विचार केला, की मुलगी आता घरीच असते. एकीने आपले बाळ सोडले, दुसरीने दोन. त्यांना दोष देता येत नाही, त्यांचेही पाळणाघर तेच होते. आता बटण पाच मुले सांभाळते. सकाळी साडेसहाला पहिले येते.

मागल्या आठवड्यात समिती पाहणीसाठी त्या गल्लीत गेली. मीही बरोबर होतो. अध्यक्ष जिना चढून वर आले आणि मोठ्याने कौतुक करू लागले, तशी बटणाने ओठांवर बोट ठेवले. धाकटे नुकतेच निजले होते. अध्यक्ष हसले, आणि केवढी जबाबदार मुलगी, असे आम्हा सर्वांना म्हणाले. दारात उभे करून तिचे छायाचित्रही काढले. काल बैठकीत अंतिम अहवाल आला. त्या छायाचित्राखाली लिहिले आहे, की प्रभागात लोकसहभागातून पर्यायी व्यवस्था उभी राहिली असून पाळणाघराची आवश्यकता उरलेली नाही. पुढच्या रकान्यात 'पटावर असून गैरहजर मुले: निरंक'. ज्यांची नावेच पटावर नाहीत, ती गैरहजर कशी असतील?

मी तिथल्या तिथे उभा राहून हरकत घेतली. ती टिपून घेतली गेली. सहा विरुद्ध एक, अहवाल मंजूर. समितीचे काम पूर्ण झाले म्हणून ती विसर्जितही झाली. त्या खोलीला आता नवे कुलूप आहे.

पाहणीच्या दिवशी बटणाने मला ओळखले आणि स्टूल पुसून दिले.

मनात माझ्यासाठी जागा उरली असेल, तर दोन ओळी लिही.

तुझा मामा

*

१२ ऑगस्ट

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मी रागावले नव्हते असं लिहिणार नाही. रागावले होते, आणि अजून आहे. पण तुम्ही त्या खोलीत एकटेच जेवता हेही डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहिते. दिवाळं निघाल्यासारखे स्वतःला दोष देत बसू नका. जेवण वेळेवर घ्या.

परवा बटणाचा फोन आला. आईचा फोन त्या दिवशी घरी राहिला होता. मला वाटलं, शाळेबद्दल काही विचारेल. तिला विचारायचं होतं, की पाच जणांना एकाच वेळी कसं निजवायचं. एक झोपलं की दुसरं उठतं, आणि मग सगळीच उठतात, असं म्हणाली. मावशी, तुम्ही तर आम्हा वीस जणांना झोपवायचात, असंही म्हणाली.

मामा, मी तिला सांगायला हवं होतं, की अगं, हे तुझं काम नाही. अगदी तोंडाशी आलं होतं. पण मागे दोघं रडत होती, आणि ते सांगून ती दोघं गप्प होणार नव्हती. मग जे येत होतं ते सांगितलं. सगळ्यांत धाकटं भिंतीकडे ठेवायचं. जे जास्त रडतं ते दाराशी, म्हणजे पटकन उचलून बाहेर नेता येतं. एकाला थोपटताना दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. खोलीत अंधार करायचा, पण पूर्ण नाही. तिने सगळं लिहून घेतलं. मध्ये मध्ये मला थांबवत होती, हळू सांगा म्हणत होती.

तासाभराने तिने पुन्हा फोन केला. पाचही जण झोपली होती. इतकं सगळं शांत झाल्यावर, मावशी, आता मी काय करू, असं तिने कुजबुजत विचारलं.

मी तिला म्हटलं, तूही झोप.

बाकी कळवण्यासारखं काही नाही. लोभ कमी झाला आहे, संपलेला नाही. आपलाही असू द्यावा.

आपली,
छकुली