मनःपूर्वक खेद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, तक्रार विभागातून निवृत्त झालेली पत्रलेखनिका, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आहे तो भीतीचा. माझ्यामागे माझ्या वस्तूंची आणि माझ्या धाकट्या बहिणीची व्यवस्था कशी लावावी, ते स्वहस्ते लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. तशी वेळ आली नव्हती.

वेळ आणली ती कपडे धुण्याच्या मशीनने. वॉरंटी संपली, आणि नवव्या दिवशी झाकणाला हात लावताच मी भिंतीपाशी जाऊन पडले. डॉक्टर म्हणाले, "असा झटका पुन्हा बसला तर तुमच्या हृदयाची हमी मी देणार नाही." म्हणजे माझीही मुदत भरली म्हणायची.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव धाकटीला द्यावी. तिच्यानंतर, जो तिला शेवटपर्यंत न रागावता सांभाळेल, त्याला. तिच्या डोक्यात हल्ली काही राहत नाही. गॅस बंद केला का, हे ती चारदा विचारते आणि चारही वेळा मी उठून बघते.

कलम २. टाइपरायटर वाचनालयाला. 'क्ष' अडकतो, अंगठ्याने ढकलावा.

कलम ३. भाच्याला भिंतीवरचे घड्याळ, तेही बंद पडलेले. त्याचे जुन्या वस्तूंचे दुकान आहे. मशीन बघून म्हणाला, "आत्या, मला दे, रंग मारून विकतो. कोणाला कळतंय?" कोणाला कळतंय म्हणे! ज्या घरात जाईल तिथे पहिल्याच दिवशी कळेल. मशीनला त्याने बोटही लावू नये.

कलम ४. आता मशीनविषयी. कंपनीचा माणूस आला, लांबूनच बघून म्हणाला, "बाई, तुमचे हात ओले असतील." अहो, कपडे धुताना कोरडे हात कोणाचे असतात? मग आमच्या ओळखीच्या वायरमनने झाकणाला टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा लागला. घरातली वायरिंग ठीक आहे, मशीनच्या आतच अर्थिंगची तार सुटली आहे, असे त्याने लिहून दिले. ते जोडून मी ग्राहक मंचाकडे दावा लावला. नवे मशीन मला नको. ज्यांच्या ज्यांच्या घरी हेच मशीन आहे, त्यांना कंपनीने कळवावे, एवढीच मागणी.

मी वायरमनला म्हटले, "आधी ही प्लगची वायर कापून टाक." वायरमनने हात मागे घेतला. "मावशी, कापली तर छेडछाड केली म्हणतील. केस तिथेच संपली समजा." म्हणून पुरावा जसाच्या तसा घरात उभा आहे.

प्लग काढून ठेवला, वर 'लावू नये' अशी पाटी अडकवली. धाकटीने तीन वेळा प्लग लावला. "ताई, कोणीतरी सारखा प्लग काढून ठेवतं बघ. चादरी केवढ्या साठल्यात!" मी अंगावर ओरडले. ती रडली, आणि आपण का रडतोय हेही विसरली. आता मी आंघोळीला जाताना तिला दाराबाहेर बसवते आणि गाणे म्हणायला लावते. गाणे थांबले की साबण तसाच अंगावर घेऊन धावते. मला भीती वाटते, फार भीती वाटते. मी गेल्यावर ते गाणे ऐकायला कोण असणार?

कलम ५. परवा कंपनीचे उत्तर आले. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्हांस मनःपूर्वक खेद आहे; तथापि वॉरंटीची मुदत संपल्याने आमची जबाबदारीही संपली आहे."

हे वाक्य माझे आहे. याच कंपनीच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षे काढली. साहेबांच्या मसुद्यात नुसताच 'खेद' होता; 'मनःपूर्वक' मी घातले. साहेब खूश झाले होते, आणि मीही. किती जणांना पाठवले त्याची गणती नाही. एक मात्र आठवते. एका बाईंनी लिहिले होते, इस्त्रीला शॉक येतो, घरात लहान लेकरू आहे, काय करू? मुदत संपून दोन आठवडे झाले होते. मी हेच वाक्य पाठवले. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही. तेव्हा मला वाटले, बाई समजूतदार निघाल्या.

परवापासून मला तसे वाटत नाही.

कलम ६. म्हणून आज, दोन्ही साक्षीदारांसमोर, वायर कापली आहे. मंचाने याला छेडछाड म्हणायचे तर म्हणावे, दावा गेला तर जावो. माझी बहीण पुरावा म्हणून ठेवायची वस्तू नाही. कापलेला प्लग माझ्यानंतर कंपनीच्या तक्रार विभागाला टपालाने पाठवावा. सोबत चिठ्ठी नको. तिथे बसणारी मुलगी हुशार असेल, तिला कळेल.

हे लिहीत असताना धाकटी चादरी घेऊन आत आली, भिंतीपाशी प्लग शोधू लागली. नाही सापडला. "ताई, आज हातानेच धुऊ या का गं?" म्हणाली. मी हो म्हटले.

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १ : वायरमन. वायर मी कापलेली नाही, मावशींनीच कापली. वायर जाड होती म्हणून मी फक्त पकड धरली.
साक्षीदार २ : शेजारीण, निवृत्त शिक्षिका. वाचून खात्री केली. माझ्याकडेही हेच मशीन आहे, आत्ताच जाऊन प्लग काढते.

स्थळ : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : वॉरंटी संपल्यापासून त्रेपन्नावा दिवस