परतीच्या खुणा

शनिवार, ७ सप्टेंबर

आले एकदाची! ल्होतीन स्टेशनात उतरणारी मी एकटीच होते. गाडी एका डब्याची. ड्रायव्हरने माझी खोकी स्वतः खाली उतरवून दिली आणि विचारलं, इथे राहायला आलात? मुद्दाम? मी म्हटलं, हो, अगदी मुद्दाम. घटस्फोट झालेल्या बाईला स्टेशनाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीखाली फलाट आणि तळमजल्यावर खानावळ मिळत असेल तर तिने आणखी काय मागायचं?

खानावळ शेब्कोवाबाईंची. सत्तरी उलटली तरी बिअरचे तीन-तीन मग एका हातात धरतात. गुलाशचा रस्सा वाढताना म्हणाल्या, खा गं पोरी, नवरा गेला म्हणून एवढं वाळायचं नसतं. माझा नवरा गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

सोमवारपासून पुढच्या गावातल्या शाळेत शिकवायचं आहे. पण खरी हौस वेगळीच. हौशी भटक्यांच्या मंडळाने हामरी ते ल्होतीन ही हिरवी वाट माझ्या स्वाधीन केली आहे. एका स्टेशनावर उतरायचं, दिवसभर रान तुडवायचं आणि दुसऱ्या स्टेशनावर बिअर पिऊन गाडीत बसायचं, हा आमच्या लोकांचा खरा धर्म. झाडांवरच्या खुणा आम्हीच रंगवतो. पांढरा, हिरवा, पांढरा असे तीन पट्टे. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, जातानाही आणि येतानाही. माझ्याआधी हे काम ओतोकार पेशेक नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. तो गेल्या वसंतात वारला.

बाबांना फोन केला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांच्या डोक्यात डावं-उजवं टिकत नाही. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायचं तर ते जिन्यात पोचतात. डाव्या हाताची दोन बोटंही सरळ होत नाहीत. पण खुणा मात्र अजून अचूक वाचतात. अठ्ठावीस तारखेच्या सुट्टीला ते हामरीला उतरून एकटे माझ्या दारापर्यंत चालत येणार आहेत. आजारपणानंतरची पहिली वाट! मोबाइल घ्या म्हटलं तर चिडले. म्हणाले, वेंदुल्का, पोरीने रंगवलेल्या वाटेवर बाप चुकला, तर तो मेलेलाच बरा.

रविवार, १५ सप्टेंबर

दिवसभर रंगवलं. पाठ मोडली, पण मन खूश आहे.

गंमत म्हणजे वाटेच्या मध्यावर एक फाटा सापडला. तो पाणचक्कीच्या घळीत उतरतो आणि पडक्या चक्कीपाशी संपतो. मंडळाच्या नकाशात नाही, पण झाडांवर पेशेकच्या जुन्या हिरव्या खुणा आहेत. त्याही एकाच बाजूला! आत जाणाऱ्याला दिसतील अशा. परत येणाऱ्यासाठी एकही नाही. म्हातारा एवढा आळशी, की झाडाला वळसा घालायचीही तसदी घेतली नाही. असलं अर्धवट काम मला बघवत नाही. आधी आतल्या खुणा उजळल्या, मग चक्कीपासून फाट्यापर्यंत परतीच्या खुणा नव्याने काढल्या. तशीच रंगवत स्टेशनापर्यंत आले. शेवटची खूण माझ्या खिडकीखालच्या खांबावर आहे.

घळीत पाखरं नव्हती. ओढा मात्र सुंदर आहे. बाबा डबा खायला तिथे नक्की उतरतील.

सोमवार, १६ सप्टेंबर

सकाळी गाडीची वाट बघताना खांबाकडे लक्ष गेलं. रंग ओला असताना कुणीतरी खुणेवर हाताचा पंजा टेकला आहे. भलामोठा पंजा. आधी राग आला, मग हसू. बाबांचीही हीच खोड आहे. चाललेल्या वाटांचे पत्र्याचे बिल्ले काठीवर ठोकलेत, ते वाजवत येतात, प्रत्येक खुणेवर हात टेकतात आणि म्हणतात, पोचलो. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावरून हात पुरवायचे. तसलाच कुणी प्रेमळ वेडा असणार.

बुधवार, १८ सप्टेंबर

शाळेतून परस्पर रानात गेले. पंजा नुसत्या खांबावर नाही, वाटभर आहे. नीट लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. आत जाणाऱ्या खुणांवर कुठेच नाही, फक्त परतीच्या खुणांवर. पहिला पंजा चक्कीजवळच्या झाडावर आहे. हा रंग लगेच वाळतो. म्हणजे मी रंगवत असताना कुणीतरी माझ्या पाठोपाठच चालत होतं. मी तर सारखी मागे वळून बघत होते, मागची खूण दिसते का म्हणून. कुणीच नव्हतं.

फाट्यावरून आत कुणी गेल्याचं दिसत नाही. फक्त बाहेर आलेलं दिसतं.

शनिवार, २१ सप्टेंबर

संध्याकाळी खांबापाशी कुणीतरी उभं असतं. काल होतं, आजही आहे. पाठीवर पिशवी, मान खाली, नाक खुणेला लागेल इतकं जवळ. गाडी येते, भटके चढतात, हे चढत नाही. आज मी खिडकीतून हाक मारली, की शेवटची गाडी हीच, हो! मान वर झाली नाही. लोक त्याला वळसा घालून जातात, पण बघत कुणीच नाही.

शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत. मन लागत नाही. दार लावलं का, हे सारखं बघून येते.

रविवार, २२ सप्टेंबर

शेब्कोवाबाईंना सांगितलं. घळ म्हणताच त्यांनी हातातला मग खाली ठेवला. विचारलं, परतीच्या काढल्यास? मी हो म्हटल्यावर ज्या काही शिव्या दिल्या! म्हणाल्या, तुम्हा शहरवाल्यांना नसत्या उठाठेवी कुणी सांगितल्या गं? पेशेक आळशी नव्हता. खुळे, ते त्याने मुद्दाम तसं ठेवलं होतं!

त्यांच्या सासूच्या वेळी ते भटक्यांच्या मागोमाग स्टेशनात यायचं. काय आहे, कुणालाच ठाऊक नाही, दिसायला भटक्यासारखं. खूण असेल तिथेच त्याला पाऊल टाकता येतं. पण कुणी बोलावलं, की खूण नसली तरी ते त्याच्यामागे घरी जातं. तशी तीन घरं इथे गेली. ताटं टेबलावर तशीच, माणसं नाहीत. शेवटी तरण्या पेशेकने आत जाणाऱ्या खुणा काढल्या, पुढे चालत त्याला घळीत नेलं आणि बोलावणं तुटावं म्हणून मागे न बघता बाहेर आला. परतीची खूण नाही म्हणून ते आतच राहिलं.

मी विचारलं, बोलावलं म्हणजे नक्की काय? त्या म्हणाल्या, हाक मारली की झालं.

काल मी हाक मारली होती. हे मी बाईंना सांगितलं नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर आहे. तिथे खूण नाही.

बाबांना फोन केला. म्हटलं, येऊ नका, वाट अजून तयार नाही. हसले. म्हणाले, तू लहानपणीही परीक्षेच्या आदल्या दिवशी अशीच रडायचीस. श्नित्झेल तळून कोणत्या पावात आणू ते सांग. पाव सांगितला, खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते आलेच असते, आणि जास्त घाईने आले असते.

बाबा पाणचक्कीपाशी डबा खायला उतरणार. मीच तिथे खुणा उजळल्यात. शनिवारच्या आत मला हे निस्तरायलाच हवं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

काल जायचं ठरवलं होतं. हिंमत झाली नाही. आज शाळेत फळ्यावर लिहिताना मागे मुलंच बसली आहेत ना, हे पुन्हा पुन्हा वळून बघितलं. मुलं हसली.

उद्या रजा घेतली आहे. ते आता जिन्याच्या मध्यावर.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

झालं! झालं, झालं.

सकाळी खरवडणी आणि करड्या रंगाचा डबा घेतला आणि नजर जमिनीवर ठेवून जिना उतरले. ते बाजूला झालं. मग मागून पावलं. हिरव्या वाटेने फाट्यापर्यंत, फाट्यावरून आत. घळीत ते जवळ आलं होतं, खूप जवळ. चक्कीपाशी पोचले, तशीच मागे फिरले, मान वर न करता. पहिली परतीची खूण खरवडली, वर करडा रंग फासला. दुसरी. तिसरी.

तेव्हा त्याने हाक मारली. चक्कीच्या भिंतीआडून. बाबांच्या आवाजात वेंदुल्का म्हणालं! बाबांच्या काठीवरचे पत्र्याचे बिल्ले वाजतात ना, तसं वाजवूनही दाखवलं. किती हलकट असावं एखाद्याने! मी मोठ्याने पाढे म्हणत राहिले. त्याने पुन्हा हाक मारली, जरा रडवेली. मी मागे बघितलं नाही. फाट्यापर्यंत एकही खूण ठेवली नाही. आतल्या तेवढ्या उद्या पुसते.

जिना रिकामा आहे. बाईंनी स्वतः बिअर आणून दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. उद्या बाबा येणार. आज झोपणार मी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बाबांच्या शेजारीणबाईंचा फोन आला. नीट पोचले ना, म्हणून विचारत होत्या. उद्या सुट्टीची गर्दी, बसायला जागा मिळायची नाही, म्हणून ते आजच पहाटे निघाले. मला चकित करणार होते.

ते बाबा होते.

ते बाबा होते आणि मी पाढे म्हणत होते —

शनिवार, २८ सप्टेंबर

पोलीस आले, अग्निशमनवाले आले, कुत्रा आणला. कुत्रा फाट्यावर बसला, उठेना. माणसं आत जाऊन आली. म्हणाली, घळ लहानशी आहे, कुणी असतं तर दिसलंच असतं. श्नित्झेलचा कागद सापडला, नीट घडी घातलेला.

बाबांना डावं-उजवं कळत नाही. खूण नसेल तर ते जागचे हलणार नाहीत.

शेब्कोवाबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. म्हणाल्या, पोरी, नको. खूण एकाला काढलीस तर दोघांना दिसते. मला हे कळत नाही का? पण बाप कुणाचा आहे?

दुपारी

काढल्या. चक्कीपासून सगळ्या. बाबांना हाका मारत मारत. रंग जाड दिला आहे, हाताला लागेल असा. स्टेशनापर्यंत. खांबापर्यंत. मग जिन्यातून वर, माझ्या दारावर एक. बाबांनी खालीच थांबू नये म्हणून.

संध्याकाळी

बिल्ले वाजले. फलाटावर.

खिडकीतून बघितलं. खांबावर ओल्या रंगात पंजा आहे, दोन बोटं वाकडी. बाबा! बाबाच. त्यावरच आणखी एक, मोठा —

नाही. पुन्हा बघत नाही.

जिन्यात काठी. पायरी, मग थांबणं. बाबा असेच थांबतात, दम लागतो. पण थांबल्यावरही पाऊल वाजतं. एकाचं थांबतं, दुसऱ्याचं —

हाक मारू नये. मी हाक मारणार नाही. त्यांनीच —

दारावर हात टेकला. ओल्या रंगाचा आवाज. आणि बाबा म्हणाले, पोचलो. दमलेले, खूश. कडी काढते. काढायलाच हवी, ते उभे राहून राहून —

पुन्हा हात टेकला. वरच्या बाजूला. आणि बाबांच्याच आवाजात पुन्हा, पो