मायच्या कानाचा विचार

तीर्थस्वरूप बब्रुवानमामांना माकणीहून भाचा मल्हारचा वाकून नमस्कार. परंड्यात सगळे खुशाल असतील. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की बाटली अजून खिडकीतच उभी आहे? (याचं उत्तर मामींनी द्यावं, तुम्ही देऊ नये.) इकडं माय, म्हणजे तुमची धाकटी बहीण, हातापायानं धडधाकट आहे. अडलंय ते कानात.

दिवाळीत मी तिला कानाची मशीन आणली. तिनं ती डबीसकट फडताळात ठेवली, वर रुमाल झाकला आणि विषय संपवला. मध्यंतरी आमच्या अर्पितानं पुण्याच्या हॉस्टेलातनं फोन केला, की आजी, माझा ताप उतरंना. माय म्हणाली, "लई चांगलं झालं गं, मैत्रिणींना पेढे दे." पोरगी रडायलाच लागली. तेव्हापासून ती आजीला फोन द्या म्हणत नाही, आणि माय रोज विचारते, अर्पी माझ्याशी का बोलंना? मामा, हे मला बघवंना.

बळजबरी करावी तर मायचा स्वभाव तुम्हाला ठाऊक (तुमच्याच घरातनं आलाय). मग मोबाइलवर वाचलं, की डोकं अडलं तर माणसानं एकटं बसावं, सुचेल ते मोठ्यानं बोलावं, कितीही येडपट असलं तरी खोडू नये. माकणीत एकटं बसायला जागा मिळत नाही, हे त्या लिहिणाऱ्याला कोण सांगणार? गच्चीवर बसलो, तर बायकोनं, शिवकन्येनं, रिकामाच आहे म्हणून पुढ्यात मिरच्या वाळत घातल्या आणि राखणीला बसवलं. गोठ्यात बोलायला लागलो, तर म्हशीला वाटलं पेंड आली. तिनं हंबरून गल्ली गोळा केली. शेवटी धरणाच्या कडेला गेलो. तिथं मात्र विचार धडाधड सुटले. तिला गोड बोलून लातूरला न्यावं (कानाच्या डॉक्टरकडं, हे शब्द मनातच राहिले). घरात पत्ता लागू देऊ नये. नवा दागिना आहे म्हणून कानात घालावं. एकदा घातलं की कुठं जाती? हे सगळं आमचे शेजारी वीरप्पा बाभळीआड बसून ऐकत होते (ते पाण्याची मोटार बघायला आलेले. मोटार राहिली बाजूला).

मी घरी पोचायच्या आत गावभर झालं होतं, की मल्हार कुठल्याशा बाईला दागिन्याचं आमिष दाखवून लातूरला पळवतोय. शिवकन्येनं ताट आदळलं. म्हणाली, "आधी त्या बाईचं नाव सांगा."

"म्हाळसाबाई!" मी ओरडलो.

आपल्या सासूचं नाव ऐकून ती आधी बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. दारात कान देऊन उभे असलेले वीरप्पाही हसले. माय आमच्या तोंडाकडं बघत होती. अख्ख्या गावात ही बातमी न कळलेली ती एकटीच. सगळे हसतात म्हणून तीही हसली, उगंच, थोडंसं, आणि हळूच उठून अंगणात जाऊन बसली.

मामा, माझं हसू तिथंच गेलं. शेजारी जाऊन बसलो आणि तिच्या कानाला तोंड लावून अर्पीच्या तापापासून वीरप्पांपर्यंत सगळं सांगितलं. माय म्हणाली, "मशीन लावली आन् तरीबी न्हाय ऐकू आलं, तर रं? डबीत हाय तवर आशा तरी हाय."

एवढ्या विचारांत हा एक विचार मला सुचला नव्हता. मी नुसता तिचा हात धरून बसलो.

असो. मामींना नमस्कार. आपला, मल्हार.

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. माय म्हणते, दादानं लावली तर म्याबी लावीन. फोनवर ती बरी हाय म्हणाली, की तुम्ही कोण वारलं म्हणून विचारता. म्हणून फोन न करता लिहितोय. सोबतच्या पार्सलात तुमच्यासाठी तसलीच मशीन आहे. कृपा करून ती फडताळात ठेवू नये.

आणखी ता. क. : पाकीट बंद करायच्या आधी मायला ऐकू जावं म्हणून हे पत्र घसा ताणून वाचत होतो. निम्म्यात तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली, "हळू वाच की. बहिरी हाय का म्या?" बघतो तर मशीन कानात. तुमच्या उत्तराची वाट बघायलाही थांबली नाही. आता ती अर्पीशी तासभर बोलतेय. त्यानंतर तुमचा नंबर आहे, तेव्हा पार्सल लवकर उघडा.