एका जोडाक्षराची चूक

आबा,

तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं होऊन गेली, आणि नुसतं तुमच्या नावानं लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. जळगावला डी.एड.ला होते तेव्हा पत्रं पाठवायची, पण ती धुळ्याच्या आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्त्यावर, त्यांनी तुम्हाला वाचून दाखवावीत म्हणून. तुम्हाला वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं. तरी मला वाटायचं, माझे मोठे मोठे शब्द तुम्हाला कुठे झेपणार! शिकलेल्या पोरीचा शहाणपणा नुसता उतू चालला होता, आणि चुलीत लाकडं तुम्ही घालत होता. आता मी स्वतः निवृत्त मास्तरीण आहे, गुडघे कुरकुरतात, आणि तुमच्याशी बोलायला तोंड नाही म्हणून कागद घेऊन बसले आहे.

अजून डोळ्यांपुढे येतं, मी सातवीत आहे. आई जाऊन वर्ष झालंय. तुम्ही कापसाच्या जिनातून, सरकी काढायच्या कारखान्यातून, घरी येता तेव्हा भुवयांत, कानांत पांढरी लव अडकलेली असते आणि तुम्ही एकदम म्हातारे दिसता. हातपाय धुऊन तुम्ही कळण्याच्या भाकरी थापता, आणि एका हातानं भाकरी उलटत मला म्हणता, "माले वाचाले शिकाड वं माय." का, ते मला ठाऊक आहे. बुधवारच्या शास्त्राभ्यासात सगळे गोल बसतात, बायबलचं पुस्तक हातोहात फिरतं आणि जो तो आपल्या नंबरावर एकेक वचन वाचतो. तुमच्यापाशी पुस्तक आलं की तुम्ही ते कपाळाला लावता आणि शेजारच्याकडे सरकवता. मला मान खाली घालावीशी वाटते. म्हणून मी पाटी घेतली. बेचाळीस वर्षांचा विद्यार्थी आणि बारा वर्षांची मास्तरीण! तुम्ही 'ळ' काढताना जीभ बाहेर काढायचात आणि मी पट्टी आपटायची. बाराखडी झाली, साधे शब्द झाले. जोडाक्षरं आली तशी मी कंटाळले. माझ्या मैत्रिणी अंगणात लगोरी खेळत होत्या. मी सांगितलं, "आबा, जोडाक्षरं थोडीच असतात, अंदाजानं वाचत जा." तुम्ही मान डोलावली. मास्तरीणबाईंवर तुमचा विश्वास होता.

आणि अंदाजानं तुम्ही खरंच वाचायला लागलात. पहिल्या बुधवारी एक वचन वाचायला तुम्हाला इतका वेळ लागला की पाळकसाहेबांचा चहा गार झाला, पण पुस्तक तुमच्यावरून पुढे गेलं नाही. पुढे जिन बंद पडलं. तुम्ही मार्केटात पोती उचलायला लागलात. खोली बदलली, गल्ली बदलली, सणाची कापडं बंद झाली. बुधवारचा तुमचा नंबर मात्र कोणी काढून घेतला नाही. आज मला कळतं की तेव्हा तुमच्या हाताशी स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. तेव्हा कळत नव्हतं असं म्हटलं तर मला सोपं जाईल, पण थोडंफार कळत होतं.

डी.एड.ला असताना एका दिवाळीच्या सुट्टीत मी होस्टेलची एक मैत्रीण घेऊन घरी आले होते. तिचे वडील तहसील कचेरीत होते. एस.टी. पारोळ्याच्या पुढे गेल्यापासून मला एकच धास्ती, की तुम्ही तिच्याशी अहिराणीत बोलाल. तुम्ही बोललातच, आणि वर तिची पिशवीही उचललीत. बुधवार होता, आम्ही दोघी शास्त्राभ्यासाला आलो. तुमचा नंबर आला. परमेश्वराची प्रतीक्षा करा, असं काहीसं ते वचन होतं. तुम्ही बोट ठेवलंत, ओठ हलवलेत आणि खणखणीत आवाजात वाचलंत, "परमेश्वराची परीक्षा करा." तो शब्द तुम्ही ओळखत होता तो माझ्यामुळे. माझ्या शाळेच्या वर्षांत घरात दुसरं होतं काय? माझी परीक्षा, परीक्षेचं वेळापत्रक, परीक्षेचा निकाल. मग तुम्ही पुस्तक मांडीवर ठेवून समजावून सांगायला लागलात. "मनी बायको गयी. जिन बंद व्हयनं. मी रोज देवनी परीक्षा लेस. म्हणस, देखू आज काय करस तू. तो नापास व्हत नही. सांजले चूल पेटसच." कोपऱ्यात एक बाई बसली होती, तिचा नवरा तीन आठवडे दवाखान्यात होता. तिनं पदर डोळ्यांना लावला. खोलीत सगळे तुमच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तुमच्याकडे असं कोणी बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि मी बोलले. "आबा, परीक्षा नाही, प्रतीक्षा. देवाची परीक्षा पाहू नये असंच शास्त्रात सांगितलंय. अर्थाचा अनर्थ करू नका." ते 'अर्थाचा अनर्थ' तर निव्वळ मैत्रिणीसाठी होतं. ती फिस्सकन हसली. मग आणखी दोघंतिघं हसली, वाईट हेतूनं नव्हे, एकाचं हसू दुसऱ्याला लागतं तसं. तुम्हीही हसलात. म्हणालात, "मनंच चुकनं. पोर शिकेल शे, तिले बठ्ठं माहीत शे." आणि पुस्तक शेजारच्याकडे दिलंत. निघताना मी दारात सगळ्यांना सलाम करत होते, तेव्हा पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तू बरोबर होतीस," ते म्हणाले, "पण ते मला ठाऊक नव्हतं का?" मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, चूक ती चूक. घरी तुम्ही आम्हाला वांग्याचं भरीत करून घातलंत, मैत्रिणीला आग्रह केलात. एक चापट मारली असतीत तर मी इतकी वर्षं मोकळी फिरले असते. पुढच्या बुधवारी पुस्तक आलं तेव्हा तुम्ही ते कपाळाला लावलंत आणि पुढे सरकवलंत. त्यानंतर तुम्ही चार माणसांत कधी वाचलं नाही. हे पाळकसाहेबांनी मला पत्रात एका ओळीत कळवलं होतं. मी त्या ओळीला उत्तर दिलं नाही.

मग माझे दिवस फिरले. लग्न होऊन मी जळगावलाच राहिले होते. हे केळीच्या ट्रकवरून, भरलेल्या मालावरून खाली पडले आणि पाठीला असा मार बसला की चौदा महिने अंथरुणाला खिळले. तुम्ही एक पिशवी घेऊन आलात आणि काही न विचारता स्वयंपाकघरात शिरलात. मी शाळेतून यायची ती भांडी आपटतच. यांना जेवण द्यायची ते ताट ढकलून. रविवारी उपासनेला जाणं मी सोडलं होतं. देवाला माझं घर दिसत नसेल तर मी त्याच्या घरी कशाला जाऊ, असा माझा हिशेब. तुम्ही उपदेश केला नाहीत. फक्त रोज दुपारी चहा झाल्यावर म्हणायचात, "जरा वाची दाखाड." मी हजेरी घेतल्यासारखी भराभरा वाचायची. आणि एक दिवस तेच वचन आलं. 'प्रतीक्षा' पाशी माझी जीभ अडखळली. आता तुम्ही काहीतरी म्हणाल या भीतीनं मी वरही पाहिलं नाही. तुम्ही अगदी साधेपणानं विचारलंत, "प्रतीक्षा म्हंजे काय वं माय?" सात वर्षं! तुम्हाला चुकीचा शब्द सोडायला लावून सात वर्षं झाली होती, आणि बरोबर शब्दाचा अर्थ मी सांगितलाच नव्हता. मी म्हटलं, "वाट पाहणं." तुम्ही हसलात. "मंग सरय 'वाट देखा' अस काबर नही लिखं? वाट देखाले तं माले येस."

तुम्हाला येत होतं. मला फक्त लिहिता येत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी एकच ओळ वाचायला लागले, हळू, पेन्सिल हातात धरून, आणि त्या ओळीशी दिवसभर भांडायची. एकदम काही झालं नाही. संताप तसाच होता. पण एका सकाळी यांचे पाय पुसताना लक्षात आलं की आज मी पुटपुटले नाही. आणखी काही महिन्यांनी हे काठी घेऊन दारापर्यंत चालले. प्रभूनं त्यांना उठवलं हे मी सगळ्यांना सांगते. त्याच्या आधी मला उठवलं, आणि ते तुमच्या हातून, हे सांगताना मात्र अवघड होतं. तेव्हाच एकदा तुम्ही ओट्यापाशी लसूण सोलत होता आणि घरात आपण दोघंच होतो. मी जवळ आले, 'आबा' म्हटलं, तुम्ही मान वर केलीत. आणि मी विचारलं, "चहा ठेवू का?" तुम्ही हो म्हणालात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही धुळ्याला गेलात, आणि तिथून माझ्याकडे तुम्ही गेल्याचा निरोपच आला.

आता इथे बायकांचा शास्त्राभ्यास मी घेते. आमच्यातही पुस्तक हातोहात फिरतं. कोणी चुकलं तर मी दुरुस्त करत नाही, आणि नव्या बाईला धीर यावा म्हणून स्वतःच्या अनुभवाची साक्ष देताना तुमची ही गोष्ट सांगते. सांगते म्हणजे, 'एक मुलगी होती' अशी सुरुवात करते. धुळ्याची नाही, शिंदखेड्याकडची कुठलीशी. बायकांना ती मुलगी फार दुष्ट वाटते, आणि मीही त्यांच्याबरोबर मान हलवते. हे पत्र टाकायला पेटी नाही, पण तुम्हाला एवढं कळवायचं होतं. परवा एक धुणंभांडी करणारी बाई, नुकतीच अक्षरं शिकलेली, मला विचारत होती, "मास्तरीणबाई, त्या पोरीनं मग बापाची माफी मागितली का हो?"

मी हो म्हणाले, आबा.