सात नंबरच्या झाडावरील माझे नाव खोडणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सरकारी फळबाग व रोपवाटिका

विषय : संत्र्याचे झाड क्र. ७ वाचवल्याची नोंद दुरुस्त करणे व कलम प्रशिक्षणात मला प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : एकोणीस झाडे तोडण्याविषयी मी दिलेला अहवाल.

महोदय,

मी या बागेत एकवीस वर्षे मुख्य माळी आहे. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी एकोणीस संत्र्यांच्या बुंध्याची साल चहूबाजूंनी कुरतडली. झाडे वाचणार नाहीत, तोडावीत, असा अहवाल मी दिला. त्यावर रोपवाटिकेतील एका महिला कर्मचाऱ्याने आपणांस थेट भेटून हरकत घेतली. सदर कर्मचारी माझी पत्नी आहे. हरकत घेणार असल्याचे तिने घरी सांगितले नव्हते.

तिने त्या-त्या झाडाच्याच काड्या घेतल्या, एक टोक जखमेखालच्या सालीत व दुसरे वरच्या सालीत बसवून पट्टीने बांधले. साल गेल्याने अडलेला रस काडीतून वाहू लागला. सोळा झाडांना पालवी फुटली. आपण सर्वांसमोर म्हणालात, "बाईंच्या हाताला गुण आहे." माझ्या हाताबद्दल आपण एकवीस वर्षांत काही म्हटल्याचे स्मरत नाही.

तेव्हापासून इतर बागांतले लोक फाटकाशी येऊन मलाच विचारतात, "कलमवाल्या बाई कुठे भेटतील?" मी रस्ता दाखवतो. घरी जेवतानाही तोच विषय. ती खुलते, मी ताट उचलून उठतो. लिहिण्यास लाज वाटते, पण मला तिचा हेवा वाटतो. तिच्या चाकूची धारसुद्धा मला बघवत नाही.

म्हणून ती रजेवर असताना, तिचे बांधायचे राहिलेले क्र. ७ चे झाड मी कोणास न सांगता बांधले. महिन्याने ते फुटले, तेव्हा आपणांस कळवले. आपण नोंदवहीत माझे नाव लिहिलेत, पाठ थोपटलीत. आठवडाभर मी ताठ मानेने वावरलो.

मागील सोमवारी पट्टी सैल करण्यास गेलो. मी चार काड्या लावल्या होत्या. तेथे सहा होत्या. घरी विचारले. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "तुम्ही उलट्या लावल्या होत्या. शेंडा खाली, बूड वर. रजेवरून आल्या आल्या बदलल्या मी."

"मग बोलली का नाहीस?"

"किती वर्षांनी शीळ घालत होतात तुम्ही."

सबब, क्र. ७ समोरील माझे नाव खोडून तिचे लिहावे. हेवा अद्याप गेलेला नाही, हेही प्रामाणिकपणे कळवतो.

तसेच पुढील महिन्यात ती देणार असलेल्या कलम प्रशिक्षणात मला घ्यावे. घरीच शिकव म्हटले, तर म्हणाली, "घरी तुम्ही ऐकायचे नाहीत. साहेबांकडे अर्ज करा आणि बसा सगळ्यांबरोबर." त्याप्रमाणे अर्ज केला आहे.

शक्य असल्यास मला पहिल्या बाकावर बसवावे. मागून तिचे हात दिसत नाहीत.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
मुख्य माळी
दिनांक : १४ जून