पाटाकडचं तण

आदरणीय सालोमत ओपा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, एर्गाशचा, नमनगानहून छातीवर हात ठेवून सलाम. डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी वाचायची बंदी केलेली असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणाल. तुमची बहीण मोहिदिल तिथं आहेच, ती वाचून दाखवेल. ते मला ठाऊक आहे, किंबहुना म्हणूनच लिहितो आहे. फोन केला की तीच उचलते, मग मी नमनगानची हवा कशी आहे ते सांगतो आणि ठेवून देतो. तेव्हा हे पत्र तुम्हाला आहे, तिला नाही. (मोहिदिल, तू फक्त वाचायचं. मध्ये आपलं काही घालायचं नाही.) तुमची भूक कशी आहे, गाय व्याली का, जर्दाळूला यंदा फळ धरलं की गारांनी नेलं, सगळं कळवा. मोहिदिलला हवे तितके दिवस ठेवून घ्या, इथं काही अडत नाही. मी रोज स्वतः रांधून खातो. (परवा पुलाव केला होता. शेजारच्या बशोरत खालांच्या कुत्र्याला आवडला.)

आता मुद्द्याचं. तुम्ही आमच्या गल्लीत आलेल्या आहात. नमनगानात ज्याच्या अंगणात फूल नाही त्याला लोक घरात कुणी आजारी आहे का असं विचारतात. मी उभा जन्म ताश्कंदच्या बसवर काढला. घाटातलं एकेक वळण मला पाठ आहे, पण चालकाची नजर कायम समोर, पायाखालच्या जमिनीशी माझा कधी संबंध आला नाही. अंगण मोहिदिलचं, गाडी माझी, अशी आमची वाटणी होती. आता निवृत्त झालो, ती तुमच्याकडे कोकंदला आली आणि मला वाटलं, ती परत येईपर्यंत दारात फुलबाग उभी करावी. गुलाब, झेंडू, तेरडा. फाटकातून आत पाऊल टाकताच बाईसाहेब थक्क! (होतील त्या थक्क. सांगतो.)

बाजारातल्या रोपवाल्यानं मला बघताच ओळखलं की गिऱ्हाईक नवीन आहे, आणि जे कुणी घेत नव्हतं ते सगळं मला दिलं. गुलाब लावले. खत जितकं ताजं तितकं चांगलं असा माझा समज, कारण नान ताजं चांगलं, मटण ताजं चांगलं. म्हणून खुराड्यातलं कोंबड्यांचं खत गरमागरम उचलून मुळाशी घातलं. तीन दिवसांत गुलाबांची पानं अशी करपली की कुणी इस्त्री फिरवली असावी. मग झेंडूचं बी पेरलं. आपली पाण्याची पाळी आली, मी पाटाची फळी उचलली, आणि पाणी आपोआप थांबेल अशा समजुतीनं चहा प्यायला आत गेलो. ते थांबलं नाही. वाफ्यातली माती, माझी एक चप्पल आणि सगळं बी घेऊन ते भिंतीखालच्या मोरीतून बशोरत खालांकडे गेलं. आज त्यांच्या कांद्यात झेंडू इतका दाट उगवला आहे की येणारेजाणारे थांबून बघतात आणि खाला त्यांना सांगतात, ‘ही एर्गाशची बाग.’

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. तुम्ही दोघी हसलाही असाल. (मोहिदिल, पुढचं वाचायच्या आधी ओपांना पाणी दे, आणि तूही पी.)

फुलबागेला जागा लागते, ओपा. पाटाच्या कडेला हातभर रुंदीची एक पट्टी होती, मुळ्याच्या पाल्यासारखं काहीतरी माजलेलं. मधे चार उंच झाडं, त्यांना बारीक पिवळी फुलंही होती. पण मी फुलबाग करायला निघालो होतो, फुलांकडे बघायला वेळ कुणाला? मी ते तण समजून मुळासकट उपटलं आणि कोपऱ्यावरच्या मेंढ्यांना घातलं. मेंढ्या खूश, मीही खूश. त्या जागी मी रोपवाल्याचे सगळ्यांत महाग गुलाब लावले होते. करपले ते हेच.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी बायकांचा आवाज आला. बशोरत खाला सर्वांत पुढे, मागे गल्लीतल्या सुना आणि लेकी, प्रत्येकीच्या हातात चहाचा प्याला. मला वाटलं मोहिदिल नाही म्हणून विचारपूस करायला आल्या, म्हणून मी किटली चढवायला वळलो. तर त्या सरळ पाटाकडे गेल्या आणि उभ्या राहिल्या. मग एका सुनेनं हातातला प्याला उलटा करून बुडाची खळगी मला दाखवली, काय ते समजावून सांगितलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ती उसमा होती, ओपा. दर वसंतात या बायका येतात, मोहिदिल त्यांना पानं खुडून देते, चोळून रस त्या खळगीत पिळतात, काडीला कापूस गुंडाळून भुवयांना लावतात आणि दुपारभर हिरव्या भुवयांनी गप्पा मारत बसतात; धुतल्या की त्या काळ्याभोर. मी त्या वेळी घाटात असायचो. अख्ख्या गल्लीच्या भुवया मी मेंढ्यांना चारल्या होत्या.

मी म्हणालो, चुकलं, बाजारातून जुडी आणून देतो. बाकीच्या हसल्या. खाला हसल्या नाहीत. त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “एर्गाश, हे बी तिच्या आईनं लग्नात तिच्या रुमालाला बांधून दिलं होतं. ती उंच झाडं तिनं पुढच्या बियांसाठी राखली होती. बाजारातून काय आणशील?”

मी म्हणालो, ती कधी काही बोलली नाही.

“बोलायचं काय त्यात? दर वर्षी लावून तुझ्यासमोर बसत होती. तुला काय वाटलं, तिच्या भुवया जन्मतःच तशा आहेत?”

ओपा, खोटं कशाला सांगू, मला तसंच वाटलं होतं. इतकी वर्षं त्या भुवयांसमोर बसून चहा प्यायलो आणि देवानंच तशा दिल्या म्हणून निश्चिंत राहिलो. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. गुलाब मेले त्याचं काही नाही. तिच्या आईची एकच गोष्ट आमच्या घरात जिवंत होती आणि ती मी तण म्हणून उपटली. फाटकातून आत आल्यावर ती आधी पाटाकडेच बघेल, आणि तेव्हा मी कुठं उभं राहावं ते मला कळत नाही.

घरातल्या सर्वांना सलाम, पोरांच्या गालाला पापे.

तुमचा,
एर्गाश

ता. क. तुमची आई ती तुमचीही आई. तिचं बी तुमच्याही अंगणात असणारच. मूठभर मोहिदिलच्या रुमालाला बांधून द्या. पट्टी मी मोकळी करून खणून ठेवली आहे. पेरणार नाही, माझ्या हाताचा भरवसा नाही. बी तिच्याच हातून पडू दे. खत घालणार नाही आणि पाणी चालू असताना चहा पिणार नाही.

ता. क. २. हवे तितके दिवस ठेवून घ्या, असं वर लिहिलं ते रीत म्हणून. इथं सगळंच अडतं. पुढची पत्रं तुमची सून वाचून दाखवेल ना?

ता. क. ३. मोहिदिल, एवढं मनात वाच, मोठ्यानं नको. येशील त्या सकाळी ओपांच्या अंगणातली उसमा लावून ये. या वेळी मी बघणार आहे.