अकरा शिंपले

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आधी खुशाली लिहायची असते, म्हणून लिहिते. बाबांचा गुडघा बरा आहे. वहिनीने पाठवलेला स्वेटर त्यांना बसला. खुशाली संपली, आता भांडायला लागते.

तू तुझ्या संग्रहालयाला दिलेला अहवाल बाबांनी भिंग लावून तीनदा वाचला. ‘संग्राहकाने शिंपले चिकटवून जोडले आहेत, त्यामुळे त्याच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.’ संग्राहक! अरे, बाप आहे तो तुझा. पस्तीस वर्षं खाणीत कारकुनी करून, दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून दगडातले शिंपले सोडवणारा. कुठला शिंपला कुठल्या थरातला, याचा आकडा त्यांनी प्रत्येकावर शाईने घातलाय. मिटलेला शिंपला म्हणजे जिवंतपणीच गाळात गाडला गेलेला, तिथला समुद्र शांत. सुटी शकलं म्हणजे लाटांनी आपटलेली, उथळ पाण्यातली. जेवताना वाटीवर वाटी पालथी घालून हे तुला कुणी शिकवलं? आणि आता तूच म्हणतोस की या डोंगराखालचा शांत समुद्र त्यांनी डिंकाने बनवला!

आधी एक फोन केला असतास तर बोटं झिजली असती का? परक्यालाही विचारतात. महिनाअखेरीस शिंपल्यांच्या पेट्या संग्रहालयाकडून परत येणार. बाबांनी त्या ठेवायला माळा रिकामा करून घेतला. तेव्हापासून ते आपल्या टेबलाशी बसलेलेच नाहीत.

मिटलेले शिंपले चारशेबारा आहेत. तू अकरा पाहिलेस. उरलेल्यांतला कुठलाही मधोमध काप, आत गाळ गच्च बसलेला दिसेल. तो कुणाला भरता येत नाही.

ते अकरा... किती टाळतेय बघ. ते माझे आहेत, दादा. शाळेच्या प्रदर्शनाला नेताना ट्रे माझ्या हातून पडला. शिंपले उघडले, काही फुटले. बाबा रागावतील म्हणून मी वरच्या थराच्या डब्यातली शकलं घेतली, मापाला माप लावून चिकटवली, आकडे खरवडून पुन्हा लिहिले. तेव्हा चौदा वर्षांची होते. पण पुढची सव्वीस वर्षं तोंड शिवून बसले, त्याला काय म्हणू?

काल बाबांना सांगायला गेले. म्हणाले, “अगं, अहवालातल्या फोटोत तुझ्या हातचा सातचा आकडा ओळखला मी. तुझं नाव कशाला मध्ये? संग्रहालयाला कळवलंय मी, जोड मीच लावले म्हणून.”

इतका संताप आला दादा, तुझा, माझा, त्यांचाही. रडत रडत भांडले त्यांच्याशी. पण त्यांचं पत्र पोस्टात गेलंय.

ते उद्या-परवा तुझ्या टेबलावर येईल. त्याला हे माझं पत्र टाचून संचालकांपुढे ठेव, आणि माझं नाव पूर्ण लिही. बाबांनी आयुष्यात केलेली ती एकच खोटी नोंद आहे. ती तुझ्या दप्तरात राहू देऊ नकोस.

त्यांची गुन्हेगार,
आणि अजून तुझी,
धाकटी